सगळं उसनं, फूल तेवढं स्वतःचं

आग्नेय आशियातल्या वर्षावनांत टेट्रास्टिग्मा नावाची एक महावेल वाढते. द्राक्षाच्या कुळातली. तिचं जाडजूड खोड कुठे जमिनीवरून सरपटत जातं, कुठे झाडांच्या आधाराने थेट वर उजेडात पोचतं. जंगल बघायला आलेले लोक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण अशा एखाद्या वेलीच्या आत वर्षानुवर्षं दुसरीच एक वनस्पती राहत असते. बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. वेलीची पानं टवटवीत, साल धडधाकट. मग कधीतरी सालीवर बारीकसा फुगवटा येतो, तो महिनोन्‌महिने वाढत राहतो आणि शेवटी त्यातून जगातलं सर्वांत मोठं फूल उमलतं. पाच-सात दिवसांत ते काळं पडतं, सडतं, आणि पुन्हा सगळा कारभार वेलीच्या पोटात.

हे फूल म्हणजे रॅफ्लेशिया. तिच्याविषयी जे काही लिहिलं जातं ते बहुतेक वेळा दोन गोष्टींपाशी थांबतं: केवढं मोठं आणि केवढा घाण वास! दोन्ही खरंच आहे. पण मला तिच्या मोठेपणापेक्षा तिचा जमाखर्च जास्त विलक्षण वाटतो. परजीवी म्हटलं की आपल्यासमोर येतो तो आयतं खाणारा, आरामात जगणारा जीव. रॅफ्लेशियाचा हिशोब मांडून बघितला तर चित्र वेगळं दिसतं. तिने जी जी गोष्ट दुसऱ्याकडून फुकट मिळवली, त्या प्रत्येकीसोबत तिच्या जगण्याला एक नवी अट चिकटली. अटी इतक्या झाल्या की ती दुर्मीळ आहे याचं नवल वाटायच्या ऐवजी ती अजून टिकून आहे याचंच वाटतं.

आधी परजीवी वनस्पती म्हणजे नेमकं काय ते पाहू. झाडावर वाढणारं सगळंच परजीवी नसतं. ऑर्किड फांदीवर बसतं, पण झाडाच्या अंगातलं काही घेत नाही. त्याला हवी असते ती फक्त उंचावरची जागा. परजीवी वनस्पती मात्र यजमानाच्या आत शिरते. त्यासाठी तिच्याकडे चूषक मुळं असतात. ती सालीतून घुसून पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांना जाऊन भिडतात. बांडगूळ हे अर्धपरजीवी. पाणी आणि क्षार यजमानाचे घेतं, पण पानं हिरवी असल्यामुळे अन्न बरंचसं स्वतःच तयार करतं. अमरवेल त्याच्या पुढची पायरी. पिवळी, बिनपानांची, अन्नालाही यजमानावर अवलंबून. तरी अमरवेलीला डोळ्यांना दिसणारं खोड असतं. फुलझाडांच्या ४,५०० हून अधिक जाती या ना त्या प्रकारे परजीवी आहेत, म्हणजे साधारण शंभरात एक. आणि ही सवय एकाच पूर्वजापासून चालत आलेली नाही. वेगवेगळ्या कुळांना ती सुमारे डझनभर वेळा स्वतंत्रपणे लागली आहे.

या वाटेवर रॅफ्लेशिया जितकी पुढे गेली तितक्या फार थोड्या वनस्पती गेल्या. तिला पान नाही, खोड नाही, मूळ नाही. फूल आणि फळ सोडलं तर तिचं सगळं शरीर म्हणजे वेलीच्या आत पसरलेले पेशींचे धागे. पुष्कळ ठिकाणी तर एकामागे एक पेशी अशी नुसती रांग. तिची लागण झालेल्या वेलीच्या खोडाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की वेलीच्या पेशींमधून वाट काढत गेलेले हे धागे दिसतात. त्यांच्या पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद रंगलेली असतात, त्यावरून पाहुणी कोण आणि यजमान कोण हे ओळखता येतं. लाकडात पसरलेली बुरशी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल. फुलझाडाचं शरीर असं असेल यावर मात्र पटकन विश्वास बसत नाही. नेहमीच्या बीमध्ये पुढच्या मुळाचा आणि पुढच्या कोंबाचा अंकुर तयार असतो. रॅफ्लेशियाच्या बीमधला गर्भ म्हणजे काही पेशींचा गोळा. मूळ कुठलं आणि कोंब कुठला हा फरकच त्यात नसतो, कारण पुढे त्यांची गरज पडणार नसते.

कळी तयार होण्याची रीतही उफराटी आहे. एरवी कळीचे अवयव कोंबाच्या टोकाला, बाहेरच्या पृष्ठभागावर फुटतात. इथे आधी वेलीच्या आतच पेशींचा घट्ट गोळा जमतो. मग त्या गोळ्याच्या पोटातल्या काही पेशी एकमेकींपासून सुटतात, फट पडते आणि त्या फटीतून फुलाचा ‘बाहेरचा’ पृष्ठभाग जन्माला येतो. पुढे फूल सगळ्यांना दिसतं त्याची सुरुवात अशी बंद खोलीत झालेली असते.

युरोपीय विज्ञानाच्या वह्यांत या फुलाची ठळक नोंद झाली ती १८१८ साली. सुमात्रातल्या बेंकूलेन इथे स्टॅमफर्ड रॅफल्स तेव्हा इंग्रजांचा कारभारी होता. मान्ना नदीकाठच्या पुलाउ लेबार या ठिकाणी त्याच्या तुकडीसोबत जोसेफ अर्नोल्ड नावाचा शस्त्रवैद्य आणि निसर्ग-अभ्यासक होता. त्यांच्यातला एक मलाय नोकर धावत आला आणि अर्नोल्डला फुलापाशी घेऊन गेला. अर्नोल्डने माप घेतलं: रुंदी एक यार्ड, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या वर, वजन १५ पौंड, म्हणजे सुमारे ७ किलो. त्याने पत्रात लिहून ठेवलंय की आपण एकटे असतो, कोणी साक्षीदार नसता, तर ही मापं सांगायची आपल्याला भीतीच वाटली असती. त्यानंतर काही आठवड्यांतच तो तापाने वारला. लंडनमध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने फुलाचं वर्णन केलं आणि त्याला नाव मिळालं रॅफ्लेशिया अर्नोल्डी. कारभारी आणि डॉक्टर दोघेही नावात आले. धावत आलेल्या माणसाचं नाव कागदावर आलंच नाही. खरं तर त्याच्याही वीसेक वर्षं आधी लुई ऑगस्ट देशाँ या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने जावामध्ये रॅफ्लेशियाची दुसरी एक जात पाहिली होती, चित्रंही काढली होती. पण परतीच्या वाटेवर १७९८ साली इंग्रजांनी त्याचं सगळं बाड जप्त केलं. बेटांवरच्या लोकांना हे फूल या दोघांच्या आधीपासून माहीत होतं, हे वेगळं सांगायला नको.

आता उमललेल्या फुलाजवळ जाऊ. विटकरी रंगाचे पाच जाड, मांसल दलं. सोयीसाठी त्यांना पाकळ्या म्हणू. त्यांवर फिकट रंगाचे फोडासारखे उंचवटे. मधोमध खोलगट पोकळी आणि तिच्या तोंडावर एक जाड पडदा, ज्याला मध्ये मोठं गोल भोक. भोकातून आत डोकावलं तर तळाशी एक तबकडी दिसते आणि तिच्यावर उभे सुळके. परागकोश शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. ते तबकडीच्या कडेखाली, उलट्या बाजूला दडलेले असतात, आणि प्रत्येकाकडे जाणारी एकेक चिंचोळी खोबण असते. मेलेल्या जनावरांवर बसणाऱ्या मोठ्या माश्या वासाने भुलून आत येतात, तबकडीखालच्या अंधाराकडे वळतात आणि खोबणीतून वर चढू लागतात. वाट इतकी अरुंद की माशीची पाठ वरच्या परागकोशाला घासते आणि तिच्यावर परागाचा चिकट, दाट लगदा बसतो. इतर फुलांसारखी ही कोरडी पूड नसते. लगदा पाठीवर वाळून घट्ट होतो, आणि माशीला तो पायांनी पुसून काढता येणार नाही अशाच जागी बसलेला असतो. लहान चणीच्या माश्या या खोबणीतून बिनधास्त येतात-जातात, त्यांच्या पाठीला काहीच लागत नाही. फुलाला हवी असते ती नेमक्या उंचीची माशी.

रॅफ्लेशियाच्या बहुतेक जातींत नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलात तबकडीच्या कडेखाली, अगदी त्याच जागी, कुक्षीचा, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागाचा, पट्टा असतो. नर फुलातून निघालेली माशी तिथे चढली तरच काम होतं. आणि या सगळ्या खटाटोपात माशीला मिळतं काय? काहीच नाही. मध नाही, अंडी घालायला मांस नाही. रॅफ्लेशियाच्या नात्यातल्या रायझँथिस या फुलांत माश्या खरोखर फसून अंडी घालतात, आणि अळ्या उपाशी मरतात.

वासाची चर्चा जरा जास्तच होते, म्हणून थोडक्यात. सडणाऱ्या मांसातून जी गंधकयुक्त रसायनं बाहेर पडतात, त्यांतलीच काही हे फूल स्वतः तयार करतं. मलेशियातल्या रॅफ्लेशिया कँटलेई या जातीत डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड ही दोन सापडली आहेत. बाकी ‘जगातलं सर्वांत मोठं फूल’ म्हणून समाजमाध्यमांवर माणसाहून उंच, टोकदार खांबासारखं जे काही फिरत असतं, ते रॅफ्लेशिया नव्हे. तो टायटन अरम. तोही सुमात्राचाच, तोही दुर्गंधी, पण सुरणाच्या गणातला. त्याला जमिनीखाली कंद असतो, छत्रीएवढं हिरवं पान येतं, तो आपलं अन्न आपण तयार करतो. शिवाय तो शेकडो बारीक फुलांचा फुलोरा आहे, एक फूल नाही. परजीवी तर मुळीच नाही.

फूल इतकं मोठं का, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. वर्षावनाच्या तळाशी उजेड कमी, वारा जवळजवळ नाही. अशा जागी लांबच्या माशीला बोलवायचं तर वास भरपूर हवा आणि तो पसरवायला मोठा पृष्ठभाग हवा. मोठं कलेवर माश्यांना जास्त ओढून घेतं, तेव्हा कलेवराचं सोंग घ्यायचंच तर मोठं घेतलेलं बरं. मधली खोलगट पोकळी वास साठवून ठेवायला उपयोगी पडते. रायझँथिसच्या एका जातीचं फूल तर भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गरम राहतं. त्याने वास जोरात उडतो. पण माझ्या मते खरी मेख खर्चाच्या बाजूला आहे. हे फूल स्वतःच्या कमाईवर उभं नाही. पाणी वेलीने वर चढवलेलं, साखर वेलीच्या पानांनी उन्हात बनवलेली. स्वतः अन्न तयार करणाऱ्या, जंगलाच्या तळाशी सावलीत वाढणाऱ्या झाडाला सात किलोचं फूल परवडलंच नसतं. रॅफ्लेशियाला ते परवडतं, कारण बिल भलत्याच्याच नावावर फाटतं.

याहून चमत्कारिक आहेत तिचे नातेवाईक. फुलाच्या रूपावरून तिचं कुळ ठरवायचे प्रयत्न दीडशे वर्षांहून जास्त काळ चालले आणि गोंधळच वाढला, कारण तुलना करायला ना पान ना खोड. डीएनएच्या अभ्यासाने २००७ साली निकाल लागला: रॅफ्लेशियाचं मूळ एरंडाच्या कुळात आहे. या कुळातली बहुतेक फुलं अगदी बारीक, काही मिलिमीटरची. त्या अभ्यासानुसार रॅफ्लेशियाकडे येणाऱ्या शाखेत फुलाचा व्यास सुमारे ७९ पटींनी वाढला. सजीवांच्या इतिहासात आकार इतका वाढल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

हा निकाल लागायला उशीर झाला त्याचं कारण कळलं की या वनस्पतीचा खरा स्वभाव कळतो. २००४ च्या सुमाराला संशोधक रॅफ्लेशियाची वेगवेगळी जनुकं तपासत होते. बहुतेक जनुकं एका दिशेला बोट दाखवत होती. तंतुकणिकेतलं एक जनुक मात्र ठासून सांगत होतं की ही द्राक्षाच्या कुळातली आहे. तंतुकणिका म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारा कप्पा, आणि त्याला स्वतःची वेगळी जनुकं असतात. मुळात द्राक्षकुळ कुणाचं? यजमान वेलीचं! म्हणजे ते जनुक रॅफ्लेशियाला आई-बापांकडून आलेलंच नव्हतं. ते वेलीकडून, अंगाला अंग लागून आलं होतं.

याला जनुकांचं आडवं संक्रमण म्हणतात. नेहमी जनुकं उभी उतरतात, एका पिढीतून पुढच्या पिढीत. जिवाणूंमध्ये ती एकमेकांकडे आडवीही जातात, हे बऱ्याच आधीपासून माहीत होतं. फुलझाडांमध्ये ते इतक्या प्रमाणात सापडेल अशी अपेक्षा नव्हती. पण लाखो वर्षं दोन वनस्पतींच्या पेशी एकमेकींना चिकटून राहिल्या, एकीचा रस दुसरीत वाहत राहिला, की अधूनमधून डीएनएचे तुकडेही वाहत येणार. पुढच्या अभ्यासांत रॅफ्लेशियाच्या कुळातल्या काही जातींमध्ये तंतुकणिकांतल्या जनुकांपैकी एक चतुर्थांश ते दोन पंचमांश जनुकांवर अशा परक्या डीएनएच्या खुणा दिसल्या. वनस्पती यजमानाचं पाणी पिते, साखर खाते, आणि तिच्या वारशातला काही भागही यजमानाचाच निघतो.

आलेल्याची ही गोष्ट, आता गेलेल्याची. हिरव्या वनस्पतीच्या पेशीत हरितलवकं असतात, आणि त्यांनाही स्वतःची जनुकं असतात. परजीवी झाल्यावर प्रकाशसंश्लेषणाची जनुकं निकामी होऊन गळून जाणार हे ओघानेच आलं. पण हरितलवकांच्या कप्प्यात इतरही कामं चालतात, म्हणून तिथला जनुकसंच कितीही आटला तरी थोडासा उरतोच, असा समज होता. २०१४ मध्ये फिलिपिन्समधल्या रॅफ्लेशियाच्या एका जातीत तो शोधायला गेलेल्या संशोधकांच्या हाती काहीच लागलं नाही. २०२१ मध्ये सॅप्रिया हिमालयाना या तिच्या बहिणीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला आणि तिथेही तेच: हरितलवकांचा जनुकसंच पुरता गायब. रोज बाहेर जेवणाऱ्याने चूल बंद ठेवणं निराळं आणि चूल विकून टाकून ओटाही फोडणं निराळं. इथे ओटाही फोडलेला आहे. बाकीच्या फुलझाडांत हटकून आढळणाऱ्या जनुकांपैकी जवळजवळ ४४ टक्के सॅप्रियात नाहीत. आणि तरी तिचा जनुकसंच छोटा नाही, कारण त्यातला सुमारे ९० टक्के भाग एकाच प्रकारचे तुकडे पुन्हापुन्हा येऊन भरलेला आहे. वेलीकडून उचललेली जनुकं त्यातही आहेत. त्यांत काही अशीही आहेत, ज्यांच्यावरून या वंशाचे आधीचे, आता सोडून दिलेले यजमान कोण असावेत याचा माग काढता येतो.

सॅप्रियाचं फूल रॅफ्लेशियापेक्षा बरंच लहान, साधारण २० सेंटिमीटरचं, गडद लाल आणि त्यावर पिवळे ठिपके. विल्यम ग्रिफिथने ते १८३६ साली आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या मिशमी टेकड्यांत पाहिलं. ईशान्य भारतातून ते थायलंडच्या बाजूला पसरत जातं. त्याच्याही पोकळीवर रॅफ्लेशियासारखाच पडदा असतो. दिसायला अगदी सारखा, पण दोघींत तो वेगवेगळ्या अवयवांपासून बनलेला आहे. एकच युक्ती एकाच घरातल्या दोघींना दोन वेगळ्या वाटांनी सापडली.

वर्षावनातली परजीवी फुलं या एका कुळावर संपत नाहीत. बॅलॅनोफोरा पाहिली तर शंभरातले नव्वद लोक तिला अळंबी समजतील. झाडांच्या मुळांवर ती गाठीसारखी वाढते, आणि त्या गाठीत यजमानाच्या पेशी आणि तिच्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात. गाठीतून वर येतो तो बोंडासारखा फुलोरा. त्याच्यावर हजारो फुलं, आणि मादी फूल इतकं सूक्ष्म की नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाही. जगातलं सर्वांत मोठं फूल आणि जवळजवळ सर्वांत लहान फूल, दोन्ही परजीवींकडेच! बॅलॅनोफोराने हरितलवकांची जनुकं टाकून दिलेली नाहीत, पण त्यांची भाषाच बदलून ठेवली आहे. प्रथिनं बांधताना ‘इथे थांबा’ अशा तीन खुणा जवळपास सगळ्या सजीवांत सारख्या असतात. बॅलॅनोफोराच्या हरितलवकांत त्यांतली एक खूण ‘थांबा’च्या ऐवजी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जोडायला सांगते. हे २०१९ साली उघडकीला आलं. मिट्रास्टेमॉन ही आणखी एक, ओकच्या कुळातल्या झाडांच्या मुळांवर उगवणारी, पांढरट, वीतभरसुद्धा उंच नसलेली. तिचं फूल आधी नर असतं. मग परागकोशांची टोपी गळून पडते आणि तेच फूल मादी होतं.

थिस्मियाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती झाडाला हातच लावत नाही. ती बुरशीला लुबाडते. जंगलातल्या जमिनीत झाडांची मुळं आणि बुरशी यांचा सौदा चाललेला असतो: बुरशी पाणी आणि क्षार आणून देते, झाड साखर देतं. थिस्मिया मध्येच बुरशीला जोडून घेते आणि झाडाकडून आलेली साखर ओढते, बदल्यात काही देत नाही. म्हणजे झाडाचंच खाते, पण मध्यस्थामार्फत. वर्षातले थोडेच दिवस तिचं छोटंसं, कंदिलासारखं फूल पालापाचोळ्यातून वर येतं. ओडोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने थिस्मिया नेप्ट्यूनिस ही जात १८६६ साली बोर्निओतल्या सारावाकमध्ये पाहून चितारली. त्यानंतर ती पुन्हा कोणाच्या नजरेला पडली ती थेट २०१७ मध्ये, त्याच भागात. मधली दीडशे वर्षं ती तिथे होतीच, जमिनीखाली.

आता त्या अटींचा हिशोब. रॅफ्लेशियाचं फळ पिकायला महिने लागतात. त्यात बारीक, मिलिमीटरहून लहान अशा हजारो बिया असतात. खारी आणि खारीसारखे दिसणारे ट्री-श्रू हे प्राणी फळ कुरतडताना आढळले आहेत, आणि मुंग्याही बिया नेत असाव्यात असा कयास आहे. त्यातली एखादी बी टेट्रास्टिग्माच्याच वेलीपर्यंत पोचली पाहिजे. या वेलीच्या शंभरेक जातींपैकी मोजक्याच रॅफ्लेशियाला आसरा देतात. आत शिरून ती वाढली पाहिजे. कळी धरली तर ती सहा महिने ते वर्षभर किंवा जास्तही टिकली पाहिजे, आणि त्या काळात बहुसंख्य कळ्या पावसाने, किडीने, जनावरांनी किंवा नुसत्याच कुजून मरतात. उमललीच तर हातात आठवडाभराचा वेळ. तेवढ्या दिवसांत माशीच्या टप्प्यात विरुद्ध लिंगाचं फूल उमललेलं पाहिजे, योग्य आकाराची माशी दोन्हीकडे गेली पाहिजे. यातली एकही अट चुकली की सगळंच हुकतं. हिरव्या पानांच्या झाडाला बी, ऊन, पाणी आणि माती मिळाली की निदान सुरुवात तरी होते.

त्यात हे सगळं ज्या जंगलात घडायचं ते जंगलच कमी होतंय. सखल भागातली वर्षावनं तोडून तिथे पामतेलाच्या आणि इतर पिकांच्या लागवडी आल्या. रॅफ्लेशियाच्या बऱ्याच जाती एखाद्या डोंगरापुरत्या, एखाद्या बेटापुरत्या आहेत. फिलिपिन्समध्ये तर या शतकात नव्या जाती सापडत गेल्या, आणि त्यांचा प्रदेश मुळातच इतका लहान की सापडल्या तेव्हाच त्या धोक्यात होत्या. २०२३ मध्ये संशोधकांच्या एका गटाने तोवर माहीत असलेल्या ४२ जातींचा आढावा घेतला. त्यांच्या मते २५ जाती अतिधोक्यात आहेत, १५ धोक्यात आणि उरलेल्या २ असुरक्षित. एकही जात सुरक्षित म्हणावी अशी नाही. किमान दोन तृतीयांश अधिवास कुठल्याही संरक्षित क्षेत्रात येत नाहीत. आणि तोपर्यंत धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत यांपैकी एकाच जातीचं नाव होतं.

हौशी पाहुण्यांमुळे होणारं नुकसान वेगळंच आहे. फुलाचा फोटो काढताना लोक त्याच्या अवतीभवती फिरतात आणि पायाखाली वेलीचं खोड येतं, पुढच्या वर्षीच्या कळ्यांसकट. सारावाकच्या गुनुंग गाडिंग राष्ट्रीय उद्यानात फूल उमललं की व्यवस्थापन तसं जाहीर करतं आणि पाहुण्यांना ठरलेल्या वाटेवरूनच नेतं. मलेशियात कळ्या तोडून औषधासाठी, मुख्यतः बाळंतिणींसाठी, विकण्याचीही पद्धत आहे. इंडोनेशियाने १९९३ मध्ये रॅफ्लेशिया अर्नोल्डीला तीन राष्ट्रीय फुलांपैकी एकाचा मान दिला, तिथल्या भाषेत ‘पद्म राक्षसा’ या नावाने. मान फुलाला मिळाला. वेलीला कोणी मान देत नाही. वाट अडवणारी म्हणून ती सहज तोडली जाते, आणि तिच्या आतली रॅफ्लेशिया कोणाला कळायच्या आत संपते.

बागेत लावून वाचवता येईल का? सरळ मार्ग बंद आहे. ही बी कुंडीत पेरून उगवत नाही आणि बियांच्या पेढीत ठेवून काम भागत नाही. जमलंय ते कलम करून. परजीवीची लागण झालेल्या वेलीचा तुकडा निरोगी टेट्रास्टिग्मावर बांधायचा, कलम धरलं तर आतले धागे नव्या वेलीत पसरायची वाट पाहायची, आणि ही वाट पाहणं वर्षांच्या हिशोबात असतं. जावातल्या बोगोर वनस्पती उद्यानात या रीतीने रॅफ्लेशिया पत्मा ही जात २०१० मध्ये फुलली. कलम साधलं आणि फूल आलं तरी ते बहुधा नर किंवा मादी यांपैकी एकच असतं. बी धरायची तर जोडीचं फूलही त्याच आठवड्यात, माशीच्या नाहीतर माळ्याच्या हाताच्या टप्प्यात उमललेलं लागतं.